हातचा एक: ३२ बिटांच्या चिपवर ६४ बिटांचं गणित

भागाकाराचं एक चिन्ह लिहिलं आणि प्रोग्रॅम बांधलाच जाईना. गोष्ट एवढीशीच होती. रिस्क-फाइव्ह जातीची चिप असलेल्या एका स्वस्त बोर्डावर मायक्रोसेकंद मोजणारा ६४ बिटांचा (म्हणजे ० किंवा १ च्या ६४ जागांचा) काउंटर होता. त्याला १००० ने भागून मिलिसेकंद काढायचे होते. सी भाषेत एक ओळ. कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने ती निमूटपणे घेतली, तुकडे जोडून प्रोग्रॅम बांधणाऱ्या लिंकरने मात्र हात वर केले: ‘यू-डिव्ह-डी-आय-थ्री’ नावाचं फंक्शन सापडत नाही. मी या नावाचं काही लिहिलं नव्हतं, बोलावलंही नव्हतं.

नाव फोडून वाचलं की उलगडा होतो. यू म्हणजे अनसाइन्ड (बिनचिन्हाची संख्या), डिव्ह म्हणजे भागाकार, डी-आय म्हणजे डबल इंटिजर, आणि शेवटचा ३ म्हणजे तीन संख्यांचा व्यवहार: दोन आत, एक बाहेर. चिप ३२ बिटांची, तिला ६४ बिटांचा भागाकार येत नाही. म्हणून कंपायलर त्या चिन्हाच्या जागी गुपचूप एका फंक्शनला हाक मारून ठेवतो. ते फंक्शन जीसीसी या कंपायलरसोबत येणाऱ्या लिबजीसीसी नावाच्या छोट्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, असतं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरवाल्यांची तशीच लायब्ररी म्हणजे कंपायलर-आरटी. मी ‘स्टँडर्ड लायब्ररी जोडू नको’ असं सांगून बिल्ड केलं होतं, त्या झाडूत लिबजीसीसीही निघून गेली. तिचं नाव बिल्डच्या ओळीत परत टाकलं आणि प्रश्न पाच मिनिटांत मिटला.

पण डोक्यातून जाईना. भागाकाराच्या एका तिरक्या रेघेमागे एवढं काय दडलंय? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्यांना हाच निरोप चांगला ओळखीचा आहे. ३२ बिटांच्या एक्स८६ (इंटेल घराण्यातल्या) चिपसाठी कर्नल बांधताना लिबजीसीसी जोडतच नाहीत. ६४ बिटांचा भागाकार महाग पडतो, तो कुणाच्या नकळत होऊ नये, असा तिथला पवित्रा. ज्याला हवा त्याने त्यासाठीचा ‘डू-डिव्ह’ हा मॅक्रो, म्हणजे तयार कोडचा तुकडा, उघडपणे वापरावा. मग मी ठरवलं, बेरजेपासून भागाकारापर्यंत सगळं एकदा आपल्या हाताने लिहून बघायचं. त्यातून जे कळलं ते सांगतो. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल, चौथीचं गणित आठवत असलं म्हणजे झालं.

आपण ० ते ९ एवढेच अंक ओळखतो. दहा झाले की एककाच्या घरात शून्य ठेवतो आणि दशकाच्या घरात एक टाकतो. ३२ बिटांच्या चिपलाही असेच अंक माहीत आहेत, फक्त ते जरा जास्त आहेत: ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत. तिच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या घरात, मावते ती संख्या म्हणजे तिच्या लेखी एकच अंक. आपला पाया १०, तिचा पाया ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा ६४ बिटांची संख्या म्हणजे तिच्या दृष्टीने ‘दोन अंकी’ संख्या: खालचं घर आणि वरचं घर. ४७ मध्ये जसे ४ दशक आणि ७ एकक, तसेच. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं गणित शाळेतलंच आहे. दोन अंकी बेरीज, दोन अंकी वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, आणि ज्याला आपण सगळेच घाबरायचो तो दोन अंकी भाजकाचा भागाकार.

बेरजेत अडचण फक्त हातच्याची. ८ आणि ७ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चिपच्या खालच्या घरांची बेरीज घरात मावली नाही तर उरलेला एक वरच्या घरात न्यायचा. ज्यांनी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ८०८५ च्या किटवर प्रॅक्टिकलं केली आहेत त्यांनी नेमकं हेच केलं आहे. आठ बिटांच्या त्या प्रोसेसरवर १६ बिटांची बेरीज करायची तर आधी खालच्या बाइटांना (आठ-आठ बिटांच्या तुकड्यांना) ‘एडीडी’, मग वरच्या बाइटांना ‘एडीसी’. त्या एडीसीमधला सी म्हणजे कॅरी, म्हणजे आपला हातचा. तो कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटात जाऊन बसतो आणि पुढची इन्स्ट्रक्शन (चिपला दिलेली आज्ञा) तो उचलते. षोडशमान (हेक्साडेसिमल) कीपॅडवर बोटं बडवताना आपण दुप्पट रुंदीचं गणित करतोय असं कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

सी भाषेत मात्र हा फ्लॅग दिसतच नाही. बेरीज घरात मावली नाही तर भाषा जादाचा भाग टाकून देते आणि उरलेला आकडा हातात ठेवते. अनसाइन्ड संख्यांसाठी हे नियमाने ठरलेलं आहे. साइन्ड, म्हणजे ऋणही असू शकणाऱ्या, संख्यांसाठी तर काय होईल ते भाषा सांगतच नाही, म्हणून हा सगळा खेळ अनसाइन्डमध्येच खेळायचा. मग हातचा आला की नाही हे ओळखायचं कसं? उत्तर छान आहे. ८ मध्ये ७ मिळवले आणि घरात ५ दिसले. मिळवणी केली आणि उत्तर मूळ आकड्यापेक्षा लहान झालं, म्हणजे नक्की काहीतरी सांडलं. बेरीज जर पहिल्या संख्येपेक्षा लहान असेल तर हातचा एक, नाहीतर शून्य. झालं. गंमत म्हणजे रिस्क-फाइव्हच्या चिपमध्ये कॅरी फ्लॅगच नसतो. ती आखणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवलेला नाही. तिथे ‘हा आकडा त्या आकड्यापेक्षा लहान आहे का’ असं विचारणारी एक इन्स्ट्रक्शन असते आणि सीमधली आपली तुलना थेट तिच्यातच उतरते. एक्स८६ किंवा एआरएम जातीच्या चिपवर चांगला कंपायलर हीच तुलना ओळखून तिच्या जागी कॅरीसकट बेरजेची इन्स्ट्रक्शन घालतो. तो ती दर वेळी ओळखेलच असं मात्र नाही, म्हणून निघालेला असेम्ब्ली कोड, म्हणजे चिपच्या इन्स्ट्रक्शनांची यादी, एकदा डोळ्यांखालून घालावा.

इथे एक सापळा आहे, मी त्यात पडलो होतो. दोन घरांची बेरीज जमली म्हणून तीच युक्ती तीन-चार घरांना लावली. मधल्या घरात तीन गोष्टींची बेरीज होते: पहिल्या संख्येचा अंक, दुसऱ्या संख्येचा अंक आणि आलेला हातचा. समजा ७ मध्ये ९ आणि हातचा १ मिळवायचा आहे. बेरीज १७, घरात ७. आता विचारा, ७ हे ७ पेक्षा लहान आहे का? नाही. म्हणजे हातचा शून्य, असं प्रोग्रॅम म्हणतो आणि एक दशक हवेत विरतं. चूक फक्त तेव्हाच होते जेव्हा मिळवायचा अंक सगळ्यात मोठा असतो आणि शिवाय हातचाही येतो. ३२ बिटांच्या घरात हा योग सहज सहज घालून पाहिलेल्या आकड्यांमध्ये येतच नाही. उपाय साधा आहे: दोन बेरजा वेगळ्या करायच्या, प्रत्येकीनंतर सांडलं का ते बघायचं. दोन्ही वेळा सांडणं शक्य नसतं, त्यामुळे दोन्ही हातच्यांची बेरीज कधीही एकाच्या वर जात नाही.

वजाबाकीत हातच्याऐवजी उसना. खालचा अंक वजा करायच्या अंकापेक्षा लहान असेल तर वरच्या घरातून एक उसना घ्यायचा. तपासणी वजाबाकीच्या आधीच होते, त्यामुळे उलट सोपं. असेम्ब्ली लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ८०८५ आणि एक्स८६ मध्ये उसना घेतला की कॅरी फ्लॅग १ होतो, आणि एआरएममध्ये नेमका उलटा, उसना घेतला की ०. एका चिपवरचा कोड दुसरीवर नेताना यात लोकांची संध्याकाळ जाते.

ऋण संख्यांचं काय? लोकांना वाटतं, दोन्ही घरांना चिन्ह असेल. नसतं. चिन्ह फक्त वरच्या घराला. उणे सव्वादोन रुपये म्हणजे उणे तीन रुपये अधिक ७५ पैसे, असा हिशेब ठेवला तर पैसे कायम धनच राहतात. बारावीला लॉगची पुस्तकं उघडलेल्यांना आठवेल: तिनाच्या डोक्यावर बार आणि पुढे पॉइंट पंचाहत्तर. बार फक्त आधीच्या भागावर, दशांशानंतरचा भाग नेहमी धन. टूज कॉम्प्लिमेंट नावाने शिकवतात ती पद्धत हीच. म्हणून दोन संख्यांची तुलना करताना आधी वरची घरं चिन्हासकट बघायची. ती सारखी निघाली तरच खालची घरं, आणि ती बिनचिन्हाची. खालच्या घराला चुकून साध्या ‘इंट’ या साइन्ड प्रकारात ठेवलं तर ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या उणे एक वाटू लागते आणि ती १ पेक्षा लहान ठरते. पैसे ऋण झाले की हिशेब गेलाच.

आता गुणाकार. आपल्याला एक अंकी पाढे येतात आणि ४७ गुणिले ८६ करायचे आहेत. चार गुणाकार करावे लागतात:

७ × ६ = ४२ (एककाच्या जागी)
४ × ६ = २४ (दशकाच्या जागी)
७ × ८ = ५६ (दशकाच्या जागी)
४ × ८ = ३२ (शतकाच्या जागी)

मधले दोन मिळून ८०, म्हणजे ८० दशक. बत्तीसशे अधिक आठशे अधिक बेचाळीस, ४०४२. प्रत्येक गुणाकाराचं उत्तर दोन अंकी येतं हे लक्षात घ्या: एका घराला एका घराने गुणलं की उत्तराला दोन घरं लागतात. एक्स८६ ची गुणाकाराची इन्स्ट्रक्शन ही दोन्ही घरं एकदम देते. रिस्क-फाइव्हवर खालच्या घरासाठी एक इन्स्ट्रक्शन आणि वरच्यासाठी वेगळी. छोट्या उपकरणांत सर्रास दिसणारा एआरएमचा कॉर्टेक्स-एम० मात्र फक्त खालचं घर देतो, वरचं गिळून टाकतो. मग तिथे ३२ बिटांच्या अंकाचेच पुन्हा १६-१६ बिटांचे दोन तुकडे करायचे आणि वर दाखवलेले चार गुणाकार हातानेच करायचे.

आता गोम बेरजेत आहे. मधले दोन गुणाकार सगळ्यात वाईट वेळी ८१ आणि ८१ असतात. त्यांची बेरीज १६२, ती दोन अंकांत मावत नाही. पुन्हा सांडलं, पुन्हा हातचा शोधा. त्याऐवजी क्रम जरा बदलायचा. आधी ४२ मधला वरचा अंक ४ घेऊन तो २४ मध्ये मिळवायचा: २८. मग या २८ चा फक्त खालचा अंक ८ घेऊन तो ५६ मध्ये मिळवायचा: ६४. आता ६४ मधले ४ हे उत्तराचं दशक. उरलेले वरचे अंक, २८ मधले २ आणि ६४ मधले ६, बत्तिसात टाकायचे: ४०. मागे ४, शेवटी मूळ २. ४०४२. यात कुठेही सांडत नाही, कारण ८१ मध्ये एक अंक मिळवला तर जास्तीत जास्त ९०. आणि दोन अंक मिळवले तरी ८१ + ९ + ९ = ९९. काठोकाठ, पण आत. हे समीकरण दहाच्या पायासाठी खरं आहे तसंच कुठल्याही पायासाठी खरं आहे. १६ बिटांच्या तुकड्यांतही आकडा बरोबर शेवटच्या जागेपर्यंत भरतो आणि थांबतो. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा उगाच दोनदा तपासलं होतं. इतकं नेमकं बसणारं काही सहसा आपल्या वाट्याला येत नाही.

६४ बिटांच्या दोन संख्यांचं उत्तर ६४ बिटांतच ठेवायचं असेल, आणि सीमध्ये तसंच असतं, तर ३२ वाला गुणाकार करायचाच नाही. तो तसाही बाहेर पडणार. तीनच पुरतात. शिवाय खालची दोन घरं चिन्ह असो वा नसो, सारखीच येतात, म्हणून लायब्ररीत गुणाकाराचं फंक्शन एकच असतं आणि भागाकाराची मात्र साइन्ड-अनसाइन्ड अशी वेगवेगळी.

‘तीन गुणाकारांची ती रशियन युक्ती का वापरत नाही?’ असं कुणीतरी विचारतंच. १९६० मध्ये अनातोली कारात्सुबा या तरुण गणितज्ञाने दाखवलं की चारऐवजी तीन गुणाकारांत काम भागतं: (४+७) गुणिले (८+६) म्हणजे १५४, त्यातून ३२ आणि ४२ वजा केले की मधले ८० मिळतात. सुंदर आहे. पण ४+७ म्हणजे ११, १४ तर आणखी मोठे. दोन्ही एका घरात मावत नाहीत, आणि आपण पुन्हा हातच्यामागे धावायला मोकळे. दोन घरांसाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. शेकडो-हजारो अंकांचे गुणाकार करायचे असतील तिथे तो फळतो.

हातच्यामागे धावायचंच नाही असं ठरवणारेही आहेत. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीत वापरल्या जाणाऱ्या ‘कर्व्ह२५५१९’ या पद्धतीत २५५ बिटांच्या संख्या लागतात. ६४ बिटांच्या यंत्रावर त्या चार घरांत मावतील, पण तिची बरीच अंमलबजावणी पाच घरं घेते, प्रत्येकात ५१ बिट. वरचे १३ बिट रिकामे. म्हणजे बऱ्याच बेरजा झाल्या तरी घर भरून वाहत नाही आणि हातचे शेवटी सावकाश एकदम सोडवता येतात. ‘हातचं राखून’ काम करणं याहून शब्दशः काय असेल? शिवाय गुप्त आकड्यांवर काम करताना ‘हातचा आला तर हे कर, नाहीतर ते’ अशी फाटाफूट कोडमध्ये ठेवत नाहीत, कारण लागणाऱ्या वेळावरून गुपित बाहेरच्याला कळू शकतं.

भागाकाराकडे वळतो, सगळी रड इथूनच सुरू झाली होती. भाजक एक अंकी असला तर काम सोपं. ८४ भागिले ६: आठात सहा एकदा, बाकी २; ती चाराच्या डोक्यावर बसवली की २४, त्यात सहा चार वेळा. उत्तर १४. माझा १००० हा भाजक चिपच्या हिशेबात एक अंकीच आहे. आधी वरच्या घराला १००० ने भागा, बाकी खालच्या घराच्या आधी लावा आणि पुन्हा भागा. मात्र ‘२४ भागिले ६’ ही पायरी म्हणजे दोन अंकी भाज्य आणि एक अंकी भाजक. एक्स८६ ला ती येते. पण तिथे भागाकार एका घरात मावला नाही तर प्रोसेसर चक्क संप करतो, आणि लिनक्स त्यावर ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ (दशांश संख्येची गडबड) असा निरोप छापतो. प्रोग्रॅममध्ये दशांश चिन्ह औषधालाही नसतं आणि हा निरोप. वरच्या घराची बाकी आधी काढून घेतली तर ती भाजकापेक्षा नेहमी लहानच असते, म्हणून हा प्रसंग येत नाही. शाळेतली पद्धत बिनबोभाट चालते ती याचमुळे.

रिस्क-फाइव्हला ती पायरीही येत नाही, तिला फक्त एका घराला एका घराने भागता येतं. पण १००० लहान आहे, १६ बिटांतसुद्धा मावतो. मग खालचं घर १६-१६ बिटांत तोडायचं. बाकी हजाराच्या आत, तिला ६५,५३६ ने गुणून पुढचा तुकडा जोडला तरी आकडा ६,५५,३६,००० च्या खालीच राहतो, आरामात एका घरात. तीन साधे भागाकार, तीन बाक्या, काम झालं. लिबजीसीसी न जोडता माझी ती एक ओळ अशीही भागली असती.

खरा कस लागतो तो भाजकच दोन अंकी असला की. १०० मध्ये १९ किती वेळा? शाळेत बाई म्हणायच्या, पहिल्या अंकावरून अंदाज घ्या. १०० मधले पुढचे १०, भाजकाचा पुढचा १, म्हणजे अंदाज १०. अंक ९ च्या वर नसतो म्हणून ९. खरं उत्तर ५. चार पावलं मागे यावं लागलं. अब्जावधींच्या पायात असा अंदाज चुकला तर मागे यायला जन्म जाईल. आपण घरी काय करतो? एकोणीस म्हणजे जवळपास वीस, असं धरतो. यंत्रासाठीचा उपाय वेगळा, पण त्याच जातीचा: भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच संख्येने गुणून भाजकाचा पहिला अंक मोठा, म्हणजे ५ किंवा वर, करून घ्यायचा. दोघांना ५ ने गुणा: ५०० भागिले ९५. आता ५० भागिले ९, अंदाज ५. बरोबर! भागाकार बदलत नाही, बाकी मात्र पाचपट येते: २५. तिला ५ ने भागलं की मूळची बाकी ५. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी मांडलेला ‘अल्गोरिदम डी’ नेमका हाच. त्यात सिद्ध केलेली गोष्ट अशी की भाजकाचा पहिला अंक पायाच्या निम्मा किंवा जास्त असेल तर अंदाज कधी कमी पडत नाही, आणि जास्त झालाच तर फार तर २ ने. पाया १० असो वा चारशे एकोणतीस कोटी. बायनरीमध्ये गुणायचीही गरज नाही. भाजकाचा सगळ्यात वरचा बिट १ होईपर्यंत दोघांना डावीकडे सरकवायचं.

हे नको असेल तर एक बिट सरकव, वजा जातंय का बघ, पुन्हा सरकव, असं ६४ वेळा करता येतं. कोड पंधरा ओळींत बसतो, चूक व्हायची शक्यता कमी, वेळ मात्र भरपूर खातो. सेकंदातून एकदा भागायचं असेल तर मी डोळे मिटून हाच लिहीन.

सरकवणं, म्हणजे शिफ्ट, दिसतं सगळ्यात सोपं आणि असतं सगळ्यात दगाबाज. डावीकडे ५ बिट सरकवायचे तर वरचं घर ५ ने सरकवायचं आणि खालच्या घरातून बाहेर पडणारे वरचे ५ बिट त्यात आणून बसवायचे. त्यासाठी खालचं घर उजवीकडे ३२ वजा ५, म्हणजे २७ ने सरकवायचं. छान. सरकवायचं ० ने असेल तर? खालचं घर ३२ ने उजवीकडे. ३२ बिटांची संख्या ३२ ने सरकवली तर काय होईल हे सी भाषा सांगत नाही. ३२ बिटांच्या एआरएमवर शून्य मिळतं, म्हणजे चालून जातं. एक्स८६ फक्त शेवटचे पाच बिट बघतो, ३२ ला ० समजतो, जागचा हलत नाही, आणि सगळं खालचं घर वरच्या घरात येऊन मिसळतं. एक वेगळी तपासणी ठेवा, किंवा आधी १ ने आणि मग ३१ वजा ५ ने असं दोन हप्त्यांत सरकवा.

इतकं करूनही माझा काउंटर एकदा चुकला, आणि त्यात गणिताचा दोष नव्हता. मायक्रोसेकंदांचं खालचं घर साधारण ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी भरतं. इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारी हाक, येऊन काउंटर वाढवायचा, मुख्य प्रोग्रॅम तो वाचायचा. ६४ बिट वाचायला ३२ बिटांच्या चिपला दोन हेलपाटे पडतात. समजा खालचं घर वाचलं: ४,२९,४९,६७,२९५. त्याच क्षणी इंटरप्ट आला, खालचं घर ० झालं, वरचं ० चं १. परत आल्यावर वरचं घर वाचलं: १. आता हातातली संख्या आहे दोन तास तेवीस मिनिटांची, खरी वेळ निम्मी. पुढच्या वाचनाला सगळं पुन्हा सुरळीत. म्हणजे बोर्डावरचं घड्याळ एकदाच पुढे उडी मारून परत येतं, तेही क्वचित, कुणी बघत नसताना. उपाय जुना आहे: आधी वरचं घर, मग खालचं, मग पुन्हा वरचं. दोन्ही वेळा वरचं सारखं नसेल तर पहिल्यापासून. रिस्क-फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये ३२ बिटांच्या चिपवर तिचे ठोके मोजणारा सायकल काउंटर वाचण्यासाठी हेच वेटोळं लिहून दिलंय. मी ते वाचलं होतं, आपल्यासाठी नाही असं समजून पुढे गेलो होतो.

आता हे सगळं तपासायचं कसं? ६४ बिटांच्या सगळ्या जोड्या तपासणं अशक्य. म्हणून मी एक बाहुलीचं घर बांधलं: तोच कोड, पण घर ८ बिटांचं, म्हणजे दुप्पट रुंदी १६ बिटांची. जोड्या होतात ४,२९,४९,६७,२९६, आपला ओळखीचा आकडा. लॅपटॉप एवढ्या सगळ्या बसल्या बसल्या तपासतो. प्रत्येक उत्तर थेट मोठ्या प्रकारात केलेल्या गणिताशी ताडून पाहायचं. तीन गोष्टींच्या बेरजेची ती चूक इथेच पकडली गेली, कारण लहान घरात दुर्मीळ योग दुर्मीळ राहत नाहीत.

पण बाहुलीचं घर खोटंही बोलतं. सी भाषेत ८ बिटांची संख्या गणिताला बसली की आधी गपचूप ३२ बिटांची इंट होते. त्यामुळे २०० अधिक १०० हे ४४ न होता ३०० होतात, आणि ‘बेरीज लहान झाली का?’ या प्रश्नाचं उत्तर कायम नाही. बेरीज परत ८ बिटांत कोंबली तरच खेळ चालतो. खऱ्या, ३२ बिटांच्या कोडमध्ये ही अडचणच नव्हती. १६ बिटांच्या तुकड्यांत गुणाकार करताना उलटं होतं: ६५,५३५ गुणिले ६५,५३५ म्हणजे ४,२९,४८,३६,२२५. हे अनसाइन्डमध्ये मावतं, पण ज्या साइन्ड इंटमध्ये ते घडतं तिची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच. तुकडे आधीच ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात घ्यायचे, हा धडा मला तेव्हा मिळाला.

आणि शिफ्ट? बाहुलीच्या घरात पहिल्या फेरीत सगळ्या जोड्या पास. ० ने सरकवणंही पास. कारण तिथे खालचं घर ८ ने सरकत होतं, पण ते आतून ३२ बिटांचं झालेलं असल्यामुळे निमूट शून्य देत होतं. मग तोच कोड ३२ बिटांच्या घरांसकट लॅपटॉपवर चालवला आणि त्याला मोजके काठावरचे आकडे दिले: ०, १, घराचं निम्मं, निम्म्यात एक कमी, भरलेलं घर, त्यात एक कमी. वरचं घर ०, खालचं ५, शिफ्ट ०. उत्तर आलं वर ५, खाली ५. मग जीसीसीचा यूबीसॅन हा तपासनीस चालू करून पुन्हा बांधलं. त्याने फाईलचं नाव छापलं, ओळ क्रमांक छापला, आणि पुढे एवढंच लिहिलं की ३२ बिटांच्या प्रकारासाठी ३२ हा शिफ्ट जास्त होतो.